खोडलेल्या ओळीखालची टिंबं

पलंगाखाली एकच चप्पल.

साय धरलेला चहाचा कप, तोंडही न लावलेला.

मनगटावरून कोपराकडे घसरणारं घड्याळ.

‘त्याने कड सोडली नाही.’ या ओळीवर लाल रेघ, आणि रेघेखाली पेन्सिलीची बारीक टिंबं.

टिंबांपाशी संपादिका थांबली. ही ओळ तिने काल खोडली होती. परवाही खोडली होती. खोडलेल्या मजकुराखाली टिंबं द्यायची म्हणजे ‘असू दे, काढू नका’. छापखान्यातली जुनी खूण, आता फारशी कुणाला ठाऊक नसते. इथे पानभर टिंबं होती. कालचं सगळं काम पाण्यात.

“काय झालं गं?” पलंगावरून काकूंनी विचारलं. जन्मभर पोहायला शिकवून कमावलेला आवाज, तलावाच्या पलीकडच्या काठावरही पोचला असता.

“काही नाही, काकू.”

हे काम काकांच्या फोनवरून आलं होतं. “बायकोचं पुस्तक आहे, पोहायला शिकवण्याच्या आठवणी. घरी येऊन करावं लागेल. आधी दोघं येऊन पळाले. घरात आजारपण आहे, वेळ फार नाही.”

ती आली तेव्हा काका जिन्यातच बसलेले भेटले. “तुमचीच वाट बघत होतो,” म्हणाले आणि कठडा धरून उठले. वर काकू छातीपर्यंत पांघरूण ओढून पडलेल्या, पायाशी उंचवटा, स्टुलावर औषधांच्या बाटल्या. संपादिकेने नजर वळवली. पहिल्याच दिवशी कुणी असलं विचारतं का?

“पुस्तक हातात पडेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही, असं ठरलंय आमचं,” काका हसत म्हणाले.

“ऐकलंस ना?” काकू तिला म्हणाल्या. “तू साक्षीदार.”

रोज दुपारी ती पानं तपासून ठेवायची. संध्याकाळी काका ती काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रितं तपासली होती, त्यामुळे वाचायचेही विरामचिन्हांसकट. “तो पाण्यात उतरला स्वल्पविराम पण हात कठड्यालाच पूर्णविराम.” पुस्तकातला हा ‘तो’ म्हणजे काकाच, लग्नाआधी काकूंकडे पोहायला शिकायला आलेले. वाचता वाचता त्यांचा डोळा लागायचा आणि पानं काकूंच्या पांघरुणावर पडून राहायची. दुसऱ्या दिवशी टिंबं.

संपादिकेने रेघा ठळक केल्या. टिंबंही ठळक झाली. तिने समासात ‘का?’ असं लिहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो ‘का?’ खोडलेला होता. आपणच झोपेत असं काही करतो की काय, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण पानं तर इथेच असायची.

शेवटी तिने विचारलं. “काकू, ही टिंबं तुम्ही देता?”

काकूंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. बोटाला लागलेलं शिसं पांघरुणाला पुसलं. “मी? मी पोरांना पाण्यात ढकलणारी बाई. मला कसली टिंबं कळतात? छापखान्यातला माणूस या घरात कोण?”

“पण काका तर सारखी घाई करतात.”

“घाई त्यांनाच आहे,” काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

काका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. तिने पानं पुढे धरली.

“टिंबं?” ते गोंधळून बघत राहिले. “मी कशाला देऊ? अहो, मला तर ते पुस्तक कधी एकदा बघतोय असं झालंय.” मग पानावर बोट फिरवता फिरवता त्यांचे डोळे भरून आले. “वेडी आहे,” एवढंच म्हणाले.

वेडी म्हणजे मीच, असं संपादिकेला वाटलं. बसमध्ये मात्र सगळं लख्ख जुळून आलं. पुस्तक झालं की बायको जाणार. तोंडाने घाई करायची आणि हाताने थांबवायचं. बिचारे काका! पण बाईंनी डोळे मिटायच्या आत स्वतःचं पुस्तक बघायचं नाही का?

टिंबांकडे काणाडोळा करून तिने शेवटचं प्रकरण छापायला धाडलं. कुणाला बोलली नाही.

पहिली प्रत घेऊन ती गेली तेव्हा काका आरामखुर्चीत होते, अंगावर शाल. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, वास घेतला. मग पलंगाच्या कडेला बसून शेवटचं पान वाचायला घेतलं, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळ्यासकट. “एक चूक नाही,” ते काकूंना म्हणाले. “छान जमलंय, मास्तरीणबाई.”

काकूंनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. त्या काकांकडे बघत होत्या.

“कुणी सांगितलं होतं तुला?” त्यांनी संपादिकेला विचारलं. तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

आनंदामुळे असेल, असं संपादिकेला वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती भेटायला गेली. जिन्याखाली शेजारपाजारचे लोक होते, कुजबुजत उभे. आता कोणाशी काय बोलायचं, याची जुळवाजुळव करत ती जिना चढली आणि बेल वाजवली.

दार काकूंनी उघडलं. हातात काठी होती, पायांत दोन्ही चपला.

काकांनी संपादिकेला पहिला फोन केला त्या सकाळी डॉक्टर म्हणाले होते की काकूंचं हाड नीट सांधेल, पण काकांना आता औषधांचा उपयोग नाही.