नाताळचा दर

"थोडं कमी करा ना हो, एवढे कुठून आणू?"

आईचा हा आवाज पस्तीस वर्षं डेल रांतानेनच्या कानात मुक्कामाला होता. तळघराच्या पायरीवर एप्रनचं टोक पिळत ती मिस्त्रीला विनवत होती. घर तापवणारी भट्टी ऐन हिवाळ्यात, ऐन रात्री बंद पडली होती. मिस्त्रीनं एक डॉलरही कमी केला नाही. त्या बिलापायी बर्फ वितळायच्या आत घर विकलं गेलं, आणि आई उरलेलं आयुष्य भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून राहिली.

म्हणून डेल भट्ट्यांचा मिस्त्री झाला. म्हणूनच आज नाताळच्या दुपारी भरल्या ताटावरून उठून, सरोवराकाठच्या रस्त्यानं अकरा मैल बर्फ कापत तो निएमेलांच्या दाराशी आला होता.

"जा," निघताना बायको म्हणाली होती, "तुझी धर्मादाय गाडी घेऊन. मांस आम्ही संपवतो."

अंगणातली निएमेलांची मोटार बर्फाखाली गाडली गेली होती. ऑक्टोबरपासून हललेली दिसत नव्हती.

दार हेल्वीबाईंनी उघडलं. चौथीत त्या त्याला शिकवायला होत्या. आता अठ्ठ्याहत्तरच्या. अंगात दोन स्वेटर, वर नवऱ्याचा कोट. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"ये डेल. बूट झटक."

"कधी बंद पडली, बाई?"

"परवा सकाळी."

"परवा? अहो, परवा कामाचा दिवस होता! तेव्हाच फोन केला असता तर साधा दर पडला असता. आज सणाचा तिप्पट."

"चुलीवर भागवलं दोन दिवस," बाई नजर चुकवत म्हणाल्या.

डेलला सगळं कळलं. मानी माणसं. आपोआप सुरू होईल या आशेवर बसतात, आणि फोन करतात तो नेमक्या भलत्या दिवशी.

आतून घंटा खणखणली. गाईच्या गळ्यातली जुनी घंटा, बाईंच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या पलंगाला बांधलेली.

"कोण आलंय? तो लुटारू का?"

"डेल आहे, वाइनो."

"विचार त्याला, येशूच्या वाढदिवसाला काय भाव लावलाय!"

डेल हसला. "वाइनोकाका, तुमच्यासाठी उधारीवर स्वर्ग!"

"स्वर्ग नको. गरम पाय दे!"

तळघरात उतरल्यावर दोष सापडायला वेळ लागला नाही. हवा फेकणाऱ्या पंख्याची मोटर जळली होती. बाई बॅटरी धरून पायरीवर उभ्या राहिल्या. बाही वर सरकली तेव्हा मनगटावर काळेनिळे वळ दिसले.

"हे काय, बाई?"

"वाइनोला उचलताना घट्ट धरतो. पडायची भीती वाटते त्याला. दिवसातून आठ वेळा, रात्री तीन वेळा."

"आणि कारेन?"

"पोरीनं तिच्याकडे खालची खोली तयार ठेवलीय. दाराशी उतारसुद्धा करून घेतलाय त्याच्या खुर्चीसाठी."

"मग?"

"तो म्हणतो, हे घर मी माझ्या हातांनी बांधलं, इथून मला शवपेटीत घालूनच न्या."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

घंटा वाजली. बाई बॅटरी त्याच्या हातात देऊन वर गेल्या. परतल्या तेव्हा धापा टाकत होत्या. कठड्याला धरून त्यांनी विचारलं, "हजाराच्या वर जाईल, नाही का रे?"

तोच पातळ, थरथरता आवाज. तीच तळघराची पायरी. सणाच्या दिवशी नुसतं येण्याचे तीनशे नव्वद, नव्या मोटरचे सहाशे वीस, मजुरी चारशे. चौदाशे दहा सरळ होत होते.

"छे हो बाई! गाडीत एक वापरलेली मोटर पडलीय. चारशेत बसवतो."

बाई मटकन पायरीवर बसल्या.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू दोनशेच घेतलेस," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या वर्षी ईस्टरला दीडशे."

"मग! गणित तुम्हीच शिकवलंय मला."

"मी बरोबर शिकवलं होतं, डेल."

डेल मोठ्यानं हसला आणि पान्याला हात घातला.

गाडीतून गुपचूप आणलेली कोरी मोटर तासाभरात घुमली. आधी गुरगुर, मग एकसुरी घरघर. भिंतीतल्या नळ्यांमधून ऊब वर चढली, आणि काचांवरची बर्फाची नक्षी कडेकडेनं पाझरू लागली. या आवाजानं कुणाचं घर वाचलं, की डेलला आईला एक हप्ता पोचता केल्यासारखं वाटे.

स्वयंपाकघरात बाईंनी कॉफी ओतली, वेलदोड्याच्या गोड पावाचे दोन तुकडे पुढे ठेवले. स्वतः घेतला नाही. डेलनं पावतीचं बुक उघडून तारीख घातली, 'निएमेला' लिहिलं.

"पंचवीस वर्षं चालेल अजून," तो म्हणाला. "या घरातून तुम्हाला कुणी हलवू शकत नाही, बाई. मी आहे ना!"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्ता पांढऱ्यात पांढरा होऊन नाहीसा झाला होता.

"किती लावले रे लुटारूनं?" आतून वाइनो ओरडला. घंटा वाजली. पुन्हा वाजली. बाई उठल्या नाहीत.

डेलनं चाराचा आकडा लिहिला. पुढची शून्यं लिहिणार, इतक्यात वळ उठलेला हात पावतीवर येऊन पडला.

"खरा आकडा लिही," बाई कुजबुजल्या. "एका खेपेचे हजाराच्या वर गेले की घर सोडून कारेनकडे जायचं, असा शब्द दिलाय त्यानं मला. तीन वर्षं झाली डेल, मी सणवार बघून तुला बोलावतेय."