बदली ड्रायव्हर

शर्यतीत पिवळा झेंडा पडला, सगळ्यांचा वेग उतरला, तशी गाडी ट्रॅकवरून आत थांब्यावर आली आणि संघातल्या माणसांनी कोल्बीला खिडकीतून ओढून बाहेर काढलं. या गाड्यांना उघडणारं दार नसतं. त्याचा डावा पाय शर्यतीआधीच घोट्यात मोडलेला होता, पट्ट्यांनी आवळलेला. तो एका पायावर उभा राहिला आणि खाली बसला.

"काका, ब्रेक दाबला की उजवीकडे ओढते," तो दात आवळून म्हणाला. "सांभाळा."

"कोणाला? गाडीला की तुझ्या गुणांना?"

"दोघांना."

हॉलिस आत शिरला. शेहेचाळिशीच्या माणसाला खिडकीतून शिरताना गुडघे आठवतात. पट्टे आवळले गेले, जाळी वर चढली, कोणीतरी छपरावर थाप मारली. गाडी सुटली.

नियम इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शर्यत सुरू करतो त्याची शर्यत. मधे बसलेला बदली पहिला येवो नाहीतर शेवटचा, नाव आणि गुण लागतात ते सुरू करणाऱ्याला.

ड्रायव्हरला बाजूचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे वर्न, प्रेक्षकांच्या वर गच्चीवर उभा असलेला. शेजारी कुठे गाडी आहे ते सांगणारा त्याचा आवाज रेडिओवरून कानात येत होता. "आत आहे, कोल्बी. अजून आत. मोकळा, कोल्बी." तोंडात बसलेलं नाव. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर तो एकदम थांबला.

"च्यायला! माफ कर, म्हाताऱ्या."

"चालू दे," हॉलिस म्हणाला. "खिडकीवर तेच लिहिलंय."

माणूस बदलण्यात वेळ गेला होता, ते सगळ्यांच्या मागे पडले होते. मग शेवटाकडे पुढच्या गाड्या टायर बदलायला आत गेल्या आणि संघाचा प्रमुख टॅकेट यानं हॉलिसला ट्रॅकवरच ठेवलं. आता त्याच्यापुढे एकच निळी गाडी होती.

"हॉलिस, दुसरा नंबर पुरे," टॅकेट म्हणाला. "तेवढ्यानं पोरगं पुढच्या टप्प्यात जातं. गाडी धड आण, बस्स."

हॉलिस निळीच्या आणखी जवळ गेला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"आणि जिंकून तुझ्या पदरात काय पडणार आहे? दुसऱ्याच्या वरातीत अंगात आणू नकोस."

उघड्या चाकांच्या गाड्यांत हॉलिस जिंकायचा. तेव्हा केस काळे होते. या पत्र्याच्या गाड्यांत येऊन नऊ वर्षं झाली, एकदाही नाही. तिकडे चाकाला चाक लागलं की गाडी हवेत उडते, म्हणून माणूस अंतर राखायला शिकतो. इकडे अंतर राखणाऱ्याला सगळे मागे टाकून जातात. त्याला इथे सोवळ्यातला ड्रायव्हर म्हणत. कोणाला शिवत नाही, आंघोळ करावी लागेल म्हणून.

शेवटच्या वळणाला निळी गाडी किंचित वर, बाहेरच्या कडेला सरकली.

"आत जागा आहे," वर्न म्हणाला. "नाही, अर्धीच. अर्धीच आहे!"

"हॉलिस, नको!" टॅकेट ओरडला.

हॉलिसनं अर्ध्या जागेत नाक घातलं. पत्र्याला पत्रा लागला. गाडी थरथरली, टायरचा धूर आत आला. निळ्या गाडीतला ड्रायव्हर सोडेना. हॉलिसनंही सोडलं नाही. दोन्ही गाड्या अंगाला अंग घासत वळणातून बाहेर पडल्या आणि रेघ ओलांडताना हॉलिसचं नाक हातभर पुढे होतं.

कानात आरडाओरडा फुटला. "जिंकलो रे! कोल्बी! कोल्बी!" टॅकेट हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. सगळे थोडे शांत झाल्यावर वर्नचा आवाज आला, हळू.

"काय घासलंस, म्हाताऱ्या."

मग पुन्हा टॅकेट. "हॉलिस, जिंकल्याची चाकं जाळत धूर काढू नकोस तिथे. सरळ मागच्या बाजूनं आत आण. कोल्बीला बसवायचंय. फोटोत खिडकीतून तोच बाहेर यायला हवा."

"बरं."

"नाराज नाहीस ना?"

"नाही."

मैदानाच्या पलीकडच्या अंगाला प्रेक्षक नव्हते. तारेचं कुंपण होतं आणि त्यामागे पाइनची झाडं. हॉलिसनं पाय काढून घेतला. बाकीच्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या आणि आत वळल्या. त्यानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. उघड्या हातांनी स्टिअरिंगचं चाक धरलं. ते अजून गरम होतं.

मागून बंद पडलेल्या गाड्यांना रेटत नेणारी ढकलगाडी आली. तिच्या चालकानं काच खाली केली.

"पेट्रोल संपलं?"

"आहे."

"चाक गेलं?"

"सगळं ठीक आहे."

"मग ढकलू का?"

"नको."

"अरे, मग पळव की, बाबा! जिंकलेला माणूस कधी असा रखडतो का?" तो हसला, हात केला आणि पुढे निघून गेला.

रस्ता रिकामा झाला.

"हॉलिस, आहेस कुठे?" टॅकेटचा आवाज आला. "सगळे खोळंबलेत इथे."

"आलोच. एकच वळण राहिलंय," हॉलिस म्हणाला आणि त्यानं गाडी आणखी सावकाश, पहिल्या गिअरवर टाकली.