दोन नंबरचा कॉम्प्युटर

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बसवेश सरांना एकच मोठं गणित बारा कॉम्प्युटरांत वाटून सोडवायचं होतं. त्यासाठी ड्युअल-कोर प्रोसेसरचे जुने कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मुजाहिदने आपल्या सेकंडहँड कॉम्प्युटरच्या दुकानातून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन नमुने सरांच्या घरी नेऊन जोडून दिले. "दोन्ही सारखेच पळतेत सर, माझी जबान हाय," असंही वर सांगितलं.

सरांनी पंधरा दिवस दोन्हींना रोज तेच गणित घातलं. दोन नंबरचा कॉम्प्युटर रोज वीस-पंचवीस मिनिटं मागे पडायचा. सरांनी त्याचा रंगीत तक्ता केला आणि मुजाहिदला बोलावून समोर ठेवला.

मुजाहिदचं तोंड उतरलं. त्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून माल उचलायचे, आणि इथं कागदावर तो खोटा ठरला होता. त्याने तक्ता दोनदा वाचला. दोन्ही डबे उघडून पाहिले, तर पंखे स्वच्छ, रॅमही सारखीच. शेवटी तो हळूच म्हणाला, "सर, गणिताला लई वेळ लागत असंल. तोवर तुमी काय करायचे?"

"काय करणार? क्रिकेटची मॅच बघत बसायचो."

"कशावर?"

 

सरांनी दोन नंबरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं, आणि ते खाली कसं घ्यावं हेच त्यांना सुचेना.