चौथं व्रत

माधवनगरच्या सिस्टरांच्या आश्रमापुढं क्रांती येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. राजरत्नशी कोर्टात लग्न लावल्यापासून तिचा थोरला भाऊ विश्वजीत गाडीत कोयता टाकून लोणंदपासून सांगलीपर्यंत तिला हुडकत होता. राजरत्न पुण्यात खोली बघून उद्या न्यायला येणार होता. म्हाताऱ्या सिस्टर ब्रिजिटांनी तिच्या पायांकडं पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "ये बाळा, आत ये."

गरम भाकरी पुढ्यात आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "सिस्टर, मी कोन, कुठली, तुमी इचारलंबी न्हाई."

"विचारायचं नसतं गं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच सिस्टर घेतात. आमच्या संघात चौथंही घेतात. आसरा मागायला आलेल्याला नाव-गाव न विचारता आत घ्यायचं. म्हणून तर आमच्या दाराला कडी नाही."

क्रांतीला हायसं वाटलं. आता कुणाला काही सांगायचीही गरज नव्हती. माडीवरच्या खोलीत जाऊन ती गाढ झोपली.

दिवेलागणीला तिला जाग आली ती खालच्या बोलण्यानं.

"सिस्टर, लय लांबनं आलोय. आजच्या रातीला आसरा द्याल का?"

विश्वजीतदादाचा आवाज इतका मऊ तिनं जन्मात ऐकला नव्हता.



"ये बाळा," सिस्टर म्हणाल्या, "आत ये."