मास्तरांच्या गोळ्या

“तुमच्या लोकांत...” एवढे दोनच शब्द नव्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून बाहेर पडले आणि ताईचं डोकं फिरलं.

“आमच्या लोकांत काय? बोला ना! आमच्या लोकांना काय शिंगं असतात?”

अख्ख्या वॉर्डातल्या माना वळल्या. ताई बस चालवायची. तिचा आवाज भर गर्दीत मागच्या सीटपर्यंत पोचायचा, तिथं वॉर्डाचं काय घेऊन बसलात! ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच ती भावाकडे आली होती. ती काळी, भाऊ काळा, दोघंही आफ्रिकी वंशाची; समोरची डॉक्टरीण गोरीपान. आणि हे ‘तुमच्या लोकांत’ ताईला लहानपणापासून पाठ होतं. तुमच्या लोकांना वेळेचं भान नसतं. तुमच्या लोकांचा आवाजच मोठा. भावाच्या लघवीतून रक्त जात होतं, कंबर धरून तो कळवळत होता, तेव्हा इथल्याच एका शहाण्यानं सांगितलं होतं, तुमच्या लोकांची कातडी जाड, एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही. दुखण्याची गोळी हातावर ठेवून वाटेला लावलं होतं त्यानं. किडनीचा कॅन्सर सापडेपर्यंत तो फुफ्फुसात पोचला होता. किडनी काढली, पण फुफ्फुसातला आतच राहिला.

तेव्हा ताई मोठ्या डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसली होती. भावाच्या शेजारच्या कॉटवर एक गोरे मास्तर होते. त्यांनाही किडनीचाच कॅन्सर. त्यांना नव्या, महागड्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. “मास्तरांना देता त्याच माझ्या भावाला द्या,” ताईनं ठणकावलं होतं. “इथं सावत्रपणा चालायचा नाही.” मोठे डॉक्टर हसून हो म्हणाले होते. काय आनंद झाला होता तिला! देवमाणूस भेटला म्हणून अख्ख्या डेपोत सांगत सुटली होती.

मास्तर सुधारले. आपल्या पायांनी चालत घरी गेले. भाऊ मात्र खंगत चालला. गोळ्यांनी तळपायांना फोड आले, तोंड आलं, खाल्लेलं पोटात टिकेना. हाडाचा रंगारी तो. शिडीवर चढायचं सोडाच, संडासापर्यंत जाताना भिंत धरायचा. “नको गं आता, ताई,” असं रोज म्हणायचा. आणि ताई रोज दटावून, लाडीगोडी लावून गोळी गिळायला लावायची. भांडून मिळवलेलं औषध होतं ते, वाया कसं घालवायचं?

“ताई,” भाऊ उशीवरून म्हणाला, “बाईंचं वाक्य तरी पुरं होऊ दे. मग दोघं मिळून भांडू.”

डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले होते, पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या. “ओरडा,” त्या म्हणाल्या. “ओरडण्यासारखंच आहे. पण आधी ऐका. किडनीचा कॅन्सर एकाच प्रकारचा नसतो. गोऱ्या लोकांत बहुतेक वेळा एकच प्रकार सापडतो. या गोळ्या मुख्यतः त्याच्यासाठी बनल्या आणि तोच प्रकार झालेल्या माणसांवर तपासल्या गेल्या. काळ्या लोकांत दुसरा एक प्रकार त्या मानानं जास्त निघतो. सगळ्यांत नाही, पण निघतो. म्हणून तर गाठ नीट बघावी लागते. काल मी यांच्या गाठीचा ऑपरेशननंतर जपून ठेवलेला तुकडा मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. यांचा तो दुसरा प्रकार आहे.”

“आधी कुणीच बघितलं नव्हतं?”

“कॅन्सर आहे एवढं बघितलं होतं. कुठला, ते नाही. नेहमीचाच असणार, असं धरून चालले.”

“मग या गोळ्या?”

“यांच्या कॅन्सरवर त्यांचा फारसा उपयोग नाही. दुसरं औषध आहे, ते जरा बरं चालतं. आधीच सुरू केलं असतं तर...”

ताई मटकन स्टुलावर बसली. एकेक गोळी तिनं आपल्या हातानं भरवली होती. तिला रडू आलं नाही, संताप आला. आणि ज्या बाईवर ती मघापासून तोंडसुख घेत होती, तिनंच काय ती एकटीनं तिच्या भावाची गाठ बघितली होती.

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. नेहमीसारखेच हसतमुख. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हळूच सगळं सांगितलं, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“एवढी घाई कशाला? अजून महिनाभर याच गोळ्या चालू ठेवू. मास्तर नाही का खडखडीत बरे झाले?”

“आजपासून बंद!” ताई उठून उभी राहिली. “या बाई सांगतील ते औषध सुरू करायचं.”

“ताई, ऐकून घे...” भावानं तिची बाही ओढली. तिनं ती सोडवून घेतली.

मोठे डॉक्टर समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “हे बघा, या पोरीनं उगाच तुमच्या डोक्यात काळं-गोरं भरवलंय. रोग्याचा रंग मी कधी बघतच नाही. तुमच्या भावात आणि मास्तरांत मी तसूभरही फरक केला नाही.”

“नाहीच केलात!” ताई अशी कडाडली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. “पोट माझ्या भावाचं फाडलंत आणि औषध मास्तरांच्या गाठीला दिलंत!”