करपलेलं दूध

दूध करपल्याचा वास रघुवीरला बाहेरच्या खोलीत आला. "अक्का, दूध!" तो ओरडला. पण नळाच्या आवाजात सुलभाअक्काला ते ऐकू गेलं नाही, आणि वास तर तिला येतच नव्हता. अपघातात रघुवीरच्या मज्जारज्जूला इजा झाली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी काढून त्याच्या पाठीत रुजवल्या होत्या. हळूहळू त्याच्या पायांत जीव आला, तरी कुबड्या सोडायचा धीर होत नव्हता.

आज तो कुबड्या न घेता तसाच उठला, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला आणि त्याने गॅस बंद केला. अक्का वळली आणि त्याच्या पायांकडे बघतच राहिली.

"तुझे उपकार, अक्का..." तो म्हणाला.

"उपकार कसले रे? अंगणात चाफा फुलला, की असाच चालत येऊन मला सांगत जा."