मातीचे दोन गोळे

"मी नाई जात," डोमाजी म्हणाले आणि त्यांनी गोफण फिरवली.

गोळा ज्वारीवरून कमान करून गेला. शेताच्या टोकाला पोपटांचा थवा उठला, ओरडला आणि थोड्या वेळाने पुन्हा कणसांवर बसला.

मचाणावर तिघे होते. डोमाजी, त्यांची बायको आनंदाबाई आणि सिंदी मेघेहून आलेली नात रक्षा. ती आजोबांना उद्या सकाळच्या एसटीने घेऊन जायला आली होती. त्यांच्या घशात गाठ होती. सावंगीच्या दवाखान्यात दीड महिना रोज मशीनचा शेक घ्यायचा, तोवर सिंदी मेघेला मुलाकडे, रक्षाच्या घरी राहायचे. आनंदाबाईंना गाव सोडता येत नव्हते. ज्वारी उभी होती आणि गाय विण्याला आली होती.

"दवाखान्याचं भेव लागते का?" आनंदाबाईंनी विचारले.

"भेव कायचं?"

"मंग काऊन नाई जात?"

डोमाजींनी गोफण गुंडाळून मांडीवर ठेवली. "मी तिकडं, तू इकडं. तिकडं माह्यं काही बरंवाईट झालं अन् तू इथं गाईले कुटार टाकून राह्यली. तुले समजनही नाई."

"फोन आहे ना, आबाजी," रक्षा म्हणाली.

"फोन मागून येते. जे व्हायचं ते पयलेच होऊन जाते."

रक्षा अकरावीला सायन्सला होती. टोपलीतले मातीचे सुकलेले गोळे ती हाताने खालीवर करत होती. त्यातले दोन तिने उचलले.

"आबाजी, एक सांगा. एक गोळा इथून नुसता खाली सोडला आणि दुसरा त्याच वेळी दूर फेकला. पहिले कोणता पडन?"

"हे का विचारनं झालं? सोडलेला. फेकलेला फिरून-गिरून मंग पडन."

"दोन्ही संगंच पडतात."

डोमाजी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. हसू खोकल्यात गेले तसे आनंदाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "हे शिकवतेत तुह्या कॉलेजात? मिशा नव्हत्या मले तवापासून गोफण हाती हाय."

"मग लावा शर्यत. संगंच पडले तर उद्या गाडीत बसायचं."

"अन् नाई पडले तं तू एकटी जाजो."

आनंदाबाईंचा हात पाठीवरच थांबला.

बाजूच्या वावरातले सोयाबीन निघाले होते. जमीन उघडी आणि टणक होती. तिघे त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. गोळा सोडायचा आनंदाबाईंनी, फेकायचा डोमाजींनी, गोफणीशिवाय, हातानेच.

"एक, दोन, तीन!"

धप. आणि मग बऱ्याच वेळाने, दूरवर, दुसरा धप.

"झालं," डोमाजी म्हणाले. आनंदाबाई जेवणाच्या डब्याचे झाकण लावायला खाली बसल्या. झाकण नीट बसेना.

"आबाजी, तुम्ही वर फेकला," रक्षा म्हणाली.

"वर नाई फेकला तं दूर कसा जाईन?"

"दूर नाई न्यायचा. आडवा फेकायचा. मचाणाच्या या आडव्या बल्लीच्या रेषेत."

"असं कोणी फेकतच नाई."

"फेका ना एक डाव," आनंदाबाई खालूनच म्हणाल्या. "जिंकल्यावर कायले भेता?"

डोमाजी पुन्हा उभे राहिले. पण हात ऐकेना. जन्मभर पाखरांमागे वर गेलेला हात पुन्हा वरच गेला. त्याच्या पुढच्या वेळीही. "थांबा," रक्षा म्हणाली आणि तिने त्यांचे मनगट धरून बल्लीशी, आनंदाबाईंच्या हाताच्याच उंचीला आणले. "इथून. सरळ."

"एक, दोन, तीन!"

धप.

डोमाजी कान देऊन उभे होते. "दुसरा कुठं गेला?"

"पडला."

"आवाज नाई आला."

"आला ना. दोघांचा एकच आला."

त्यांनी वाकून पाहिले. एक गोळा मचाणाच्या अगदी खाली फुटला होता. दुसरा पार तिकडे, सोयाबीनच्या धसकटांत.

"अजून एक डाव."

धप.

तिसऱ्यांदा त्यांनी गोळा हातातून सुटताच डोळे मिटून घेतले. धप. पोपट ज्वारीत उतरले होते. त्यांना कोणी हाकलले नाही.

"दूर जाणं वेगळं अन् खाली येणं वेगळं, आबाजी," रक्षा हळू म्हणाली. "दूर गेला म्हणून खाली यायचं थांबत नाही. जवळचा आणि दूरचा, दोघं सारखेच खाली येत असतात."

"बराबर हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "हे जलमभर बैलबाजार फिरले. मी चुलीपाशी बसली. पण म्हातारे तं संगंच झालो."

डोमाजी हसले नाहीत. आपल्या बायकोकडे पाहत राहिले. आनंदाबाईंनी तोवर टोपलीतून आणखी एक गोळा उचलला आणि हात मचाणाबाहेर धरला.

"मोज वं, रक्षा."

डोमाजींनी त्यांचा हात धरला.

"हा नको सोडू."

"काऊन?"

त्यांनी टोपलीतला एक चांगला गोल गोळा निवडला, फुंकर मारून त्याची माती उडवली आणि बंडीच्या खिशात टाकला.

"हा मी नेतो. तुह्या हातातला तू ठेव. मी वापस येईपर्यंत सोडू नको."

आनंदाबाईंनी गोळा पदराच्या टोकात बांधला आणि गाठ दातांनी आवळली.